नेकरकांठचें एक वर्ष

"संस्कृत शिकावयास जर्मनीला?" हा प्रश्न मला गेल्या दोन वर्षांत किती जणांनीं विचारला असेल, त्याची गणतीच नाहीं. कोणी लग्नाच्या पंगतींत विचारला, कोणी हळदीकुंकवाच्या बैठकींत, कोणी जिन्यांत अडवून. परंतु या सर्वांच्या आधीं तो आमच्या घरांतच, माझ्या आजोबांनीं विचारला होता, आणि त्यांच्या स्वरांत थट्टा नव्हती. चाळीस वर्षें त्यांनीं हायस्कुलांत संस्कृत शिकविलें; त्यांचे वडील घनपाठी होते. ज्या घरांत सायणभाष्यासह ऋग्वेदाचे खंड देवघराशेजारच्या कपाटांत असतात, त्या घरांतील नात वेद वाचावयास स्टुटगार्टच्या पलीकडील एका लहानशा गांवीं जाते, हें त्यांना कोठें तरी लागलें होतें. काकांचा प्रश्न निराळा. तो पैशाचा होता, व त्याचें उत्तर अखेर काकांनींच दिलें. तें पुढें येईलच.

आमच्या शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थि-विनिमयाच्या योजनेंतून मी २०२४ च्या सप्टेंबरअखेर ट्यूबिंगेन येथें गेलें, आणि २०२५ च्या ऑगस्टांत परत आलें. आल्यापासून, ज्यांच्या घरांतून मुलगा अगर मुलगी अशीच जावयाची आहे, अशी मंडळी चौकशीस येत असते. त्यांना तोंडीं जें सांगतें तें, आणि जें तोंडीं सांगवत नाहीं तेंही थोडें, येथें लिहीत आहें.

ट्यूबिंगेन हें नेकर नदीच्या कांठीं वसलेलें सुमारें ९०,००० वस्तीचें गांव. रस्त्यांत दिसणाऱ्या दर तीन-चार माणसांमागें एक विद्यार्थी असतो. काउंट एबरहार्ड या दाढीवाल्या राजानें १४७७ मध्यें येथें विद्यापीठ स्थापिलें. खगोलवेत्ता केप्लर १५८९ मध्यें येथेंच शिकावयास आला. हेगेल, शेलिंग आणि कवि होल्डरलिन हे तिघे येथल्या मठवजा वसतिगृहांत एकाच काळीं राहत होते. परंतु मला तिकडे ओढून नेणारें नांव यांपैकीं कोणाचेंच नव्हे. रुडॉल्फ फॉन रोथ या पंडितानें आपलें बहुतेक सारें आयुष्य या गांवांत घालविलें, व बोटलिंक याच्या साहाय्यानें सात खंडांचा तो प्रचंड संस्कृत-जर्मन कोश रचिला, जो सेंट पीटर्सबर्ग येथें १८५५ पासून १८७५ पर्यंत छापून निघाला. काश्मीरांतून मिळालेली अथर्ववेदाच्या पैप्पलाद शाखेची भूर्जपत्रावरील पोथी याच रोथच्या हातीं आली आणि ती ट्यूबिंगेनच्या ग्रंथालयांत राहिली. त्या पोथीच्या १९०१ सालीं निघालेल्या छायाप्रती मीं पाहिल्या. शारदा लिपींतील तीं काळवंडलेलीं पानें पाहतांना ही आपल्याकडून इतकी दूर कशी आली, असें मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं. आणि येथें आली म्हणूनच आपण ती पाहत आहों, हेंही आलें.

आतां पैशाचें. विनिमयाच्या विद्यार्थ्यास शिक्षणाची फी आपल्या येथील संस्थेंतच भरावयाची असते. त्या प्रांतानें युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांवर २०१७ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्रास १,५०० युरो फी बसविली, परंतु विनिमयानें येणाऱ्यांस ती माफ ठेविली. यामुळें पुष्कळांची अशी समजूत होते कीं, खर्च म्हणून नाहींच. खर्च आहे. विद्यार्थ्याच्या वर्षाच्या निर्वाहाची रक्कम जर्मनींत एका बंद खात्यांत आगाऊ भरून दाखवावी लागते, तेव्हां परवाना मिळतो. मी गेलें तेव्हां ही रक्कम ११,९०४ युरो होती. तिच्यांतून दरमहा ९९२ युरोंहून अधिक काढतां येत नसत. आपल्या चलनांत हे सुमारें अकरा लाख रुपये झाले. बाबांजवळ एवढी रक्कम मोकळी नव्हती. काकांनीं निवृत्तीनंतर ठेविलेली ठेव मुदतीपूर्वीं मोडली. घरांत यावर चर्चा झाली ती स्वयंपाकघरांत, काकू आणि आई यांच्यांत, व ती मला ऐकूं येऊं नये अशा बेतानें. काका मला एवढेंच म्हणाले, "पैसे परत केव्हां देशील तें मी विचारणार नाहीं. मधूनच परत मात्र येऊं नकोस."

हें वाक्य मी पुढें कितीदां आठवलें असेन!

पोंचल्यावर पहिले पंधरा दिवस कागदपत्रांत जातात. खोलींत राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत नगरकचेरींत आपला पत्ता नोंदवावा लागतो. त्यास घरमालकाचा लेखी दाखला हवा. आजारपणाचा विमा सक्तीचा. रविवारीं दुकानें बंद, म्हणून शनिवारीं सायंकाळपर्यंत दूध, पाव, भाजी आणून ठेवावी. पहिल्या रविवारीं मी घरून आणलेल्या लाडवांवर राहिलें. पाण्याच्या बाटलीवर पंचवीस सेंट ठेव घेतात, ती बाटली परत दिल्यावर मिळते. कचरा चार प्रकारांनीं निरनिराळा टाकावयाचा. वेळापत्रकांत दहाचा तास म्हणून लिहिलेला असला तर तो सव्वादहास सुरू होतो. घड्याळें दुर्मिळ होतीं त्या काळीं घंटा ऐकून वर्गास पोंचण्यासाठीं ही पाव घटका ठेविली, असें सांगतात. जर्मन माणसांच्या वक्तशीरपणाची कीर्ति ऐकून मी पहिल्या दिवशीं दहाला दहा मिनिटें असतांना रिकाम्या वर्गांत जाऊन बसलें होतें. तास संपतांच सर्व विद्यार्थी बोटांच्या सांध्यांनीं बांकांवर ठकठक करूं लागले. मला वाटलें, अध्यापकांवर राग आहे कीं काय. परंतु तेथें टाळ्यांच्या जागीं ही रीति आहे.

यांतलें कांहीं कठीण नाहीं. कागद मिळवितां येतात. कठीण काय तें मला स्वयंपाकघरांत कळलें.

माझी खोली गांवाबाहेरच्या टेकडीवरील विद्यार्थ्यांच्या वसाहतींत होती. एका मजल्यावर दहा खोल्या, व दहांमध्यें एक स्वयंपाकघर. पहिल्या संध्याकाळीं मी त्या स्वयंपाकघरांत शिरलें तेव्हां शेगड्या एका ओळींत, दहा कपाटें, शीतकपाटांत दहा कप्पे, आणि प्रत्येकावर नांवाची चिठ्ठी. वाचकांपैकीं जे एकत्र कुटुंबांत वाढले असतील त्यांना माझ्या मनाची स्थिति सांगावयास नको. आमच्या घरीं सोळा माणसें आणि एक चूल. चूल वेगळी झाली याचा अर्थ आमच्या बोलींत एकच होतो, व तो शब्द मोठ्या माणसांच्या तोंडून हलक्या आवाजांतच ऐकलेला. येथें तर दहा चुली एका छपराखालीं, आणि त्याबद्दल कोणाच्या चेहऱ्यावर कांहीं नाहीं! कोणीतरी आपली कढई घेऊन आला, शिजविलें, खाल्लें, भांडें विसळून आपल्या कपाटांत ठेविलें, हांसून शुभरात्रि म्हणाला आणि गेला. त्या रात्रीं मी जन्मांत प्रथमच खोलींत एकटी निजलें.

तिसऱ्या आठवड्यांत चहास दूध नव्हतें, म्हणून मीं शेजारच्या कप्प्यांतील बाटलींतून घेतलें. चोरी करतों असें मनांतही आलें नाहीं; घरीं दूध कोणाचें असा प्रश्नच नसतो, तें दूध असतें. दुसऱ्या सकाळीं बाटलीला कागद चिकटविलेला होता: "ही बाटली माझी आहे." खालीं सही नव्हती, राग नव्हता, शिवी नव्हती. परंतु मला जें वाटलें तें लिहवत नाहीं. मीं दोन नव्या बाटल्या आणून त्या कप्प्यांत ठेविल्या, व पुढें कित्येक दिवस त्या स्वयंपाकघरांत पाऊल टाकलें नाहीं. दुपारीं विद्यापीठाच्या भोजनालयांत जेवावें, रात्रीं खोलींत पाव खावा. भोजनालयांतही एकदां फजिती झाली. माउलटाशन नांवाचा तेथला एक लाडका पदार्थ आहे, दिसावयास आपल्या उकडलेल्या करंजीसारखा. आंत पालक दिसला म्हणून मीं घेतला. दुसऱ्या घासास शेजारच्या मुलानें मोठ्या कौतुकानें गोष्ट सांगितली, कीं उपवासाच्या दिवसांत देवाच्या नजरेस मांस पडूं नये म्हणून जुन्या काळच्या साधूंनीं तें असें पिठांत गुंडाळून लपविलें! मीं ताट तसेंच ठेविलें. दोष त्या बिचाऱ्याचा नव्हता; पाटीवर सर्व लिहिलेलें होतें, मीं वाचलें नव्हतें.

अशा स्थितींत दिवाळी आली. लक्ष्मीपूजन त्या वर्षीं १ नोव्हेंबरास होतें. तो दिवस तेथें सर्व संतांच्या स्मरणाचा, सुटीचा. दुकानें बंद, रस्ते ओस. खोलींत राहवेना म्हणून मी गांवांत उतरलें आणि भटकत भटकत जुन्या दफनभूमीपाशीं आलें. तिन्हीसांजेची वेळ. कांहीं थडग्यांवर तांबड्या कांचेच्या नळकांड्यांतून दिवे तेवत होते. म्हातारीं माणसें हळू बोलत पानें झाडीत होतीं. त्या दिवशीं मीं पाहिलेले दिवे ते तेवढेच.

रात्रीं खोलीवर येऊन मी परतीच्या विमानाचें भाडें पाहत बसलें. बंद खातें मोडलें तर काकांचे किती युरो परत मिळतील, याचा हिशेबही कागदावर केला. तो कागद अद्याप माझ्याजवळ आहे.

तेवढ्यांत घरून फोन आला. फोनवर आतां माणसें दिसतात, ही सोय आहे आणि शिक्षाही आहे. सर्व घर फराळाच्या ताटांभोंवतीं बसलें होतें. मी हांसून सर्वांशीं बोललें. काकांना "सर्व उत्तम आहे" म्हणून सांगितलें. शेवटीं आजीच्या हातीं फोन आला. तिनें माझ्याकडे पाहून घेतलें आणि विचारलें, "रात्री काय जेवलीस?"

मला उत्तर सुचेना. मग दुधाची सर्व हकीकत सांगितली. आजी ऐकून घेऊन म्हणाली, "मी या घरांत आले तेव्हां एकोणीस माणसं होती. मला दुपारी भूक लागायची, आणि कुठला डबा उघडायचा ते कळायचं नाही. सहा महिने पाणी पिऊन काढले. मग एकदां तुझ्या पणजीला विचारलं, तर ती मलाच रागावली, 'अगं, इतके दिवस विचारलं कां नाहीस?' म्हणून. तू त्या मुलीला विचारलंस का, किती दूध घेतलेलं चालतं ते?"

मीं विचारलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं त्या मुलीचें दार ठोठावलें. ती काळ्या अरण्याच्या भागांतील एका खेड्यांतून आलेली, वैद्यकी शिकणारी. दूध मीं घेतलें होतें हें सांगून, आमच्या घरीं दुधाला मालक नसतो, हें मोडक्यातोडक्या जर्मनमध्यें तिला समजावूं लागलें. ती आधीं गोंधळली, नंतर इतकी हांसली कीं शेजारचीं दोन दारें उघडलीं. तिचें म्हणणें एवढेंच, कीं कोणी घेतलें तें कळलें असतें तर तिला कांहींच वाटलें नसतें. नकळत नाहींसें झालें, तें मात्र तिला खपलें नाहीं. मग तिनें मला त्या स्वयंपाकघराचा खरा कायदा सांगितला. मीठ, तेल, साबण हें सामायिक. त्यासाठीं खिडकींत एक बरणी, तिच्यांत दरमहा प्रत्येकानें थोडे पैसे टाकावयाचे. जिना व स्वयंपाकघर झाडण्याची पाळी दर आठवड्यास एकाची, व ती चुकवून चालावयाची नाहीं. या पाळीस त्या प्रांतांत 'केर-वोखे' म्हणतात. 'केरन्' म्हणजे झाडणें. आपल्या 'केर' शब्दाशीं ध्वनि जुळतो तो केवळ योगायोग, परंतु मला लक्षांत ठेवावयास बरा पडला. या चालीचें मूळ लोक १४९२ मध्यें स्टुटगार्ट शहरासाठीं निघालेल्या हुकुमांत शोधतात, आणि तो काढणारा तोच दाढीवाला एबरहार्ड, ज्यानें विद्यापीठ काढलें! ज्या आठवड्यांत माझी पाळी आली त्या आठवड्यांत मीं जिना असा झाडला, कीं वरच्या मजल्यावरील मुलगा पाहावयास आला.

पुढें पुढें रविवारीं आम्ही चौघी-पांचजणी एकत्र शिजवूं लागलों. मसुरीची उसळ आणि घरीं पाडलेल्या जाड शेवया हें तेथील खास जेवण. वर सॉसेज ठेवतात, तें माझ्या ताटांत नसे. चिंच-गूळ घालून आमटी केली ती त्यांना आंबट-गोड एकदम कशी, म्हणून नवल वाटलें. असो. स्वयंपाकाच्या गोष्टी लिहूं लागलें तर लेख तेवढ्यानेंच भरेल.

अभ्यासाचें निराळें. एका सत्रांत तीस श्रेयांक मिळवावयाचे, व एका श्रेयांकास पंचवीस ते तीस तासांचें काम धरतात. म्हणजे व्याख्यानें थोडीं आणि घरचें वाचन फार. खरी अडचण चर्चावर्गाची. तेथें विद्यार्थी अध्यापकांचें बोलणें मध्येंच थांबवून "हें मला पटत नाहीं" असें म्हणतात, आणि अध्यापक प्रसन्न होतात. मी दोन महिने एक अक्षर बोललें नाहीं. मौन हा तेथें विनय समजला जात नाहीं. पाठ झाला नाहीं असा त्याचा अर्थ घेतात. वेदार्थाच्या इतिहासाचा तो वर्ग होता. डिसेंबरांत अध्यापिकाबाईंनीं मला भेटीच्या वेळीं बोलावलें आणि म्हणाल्या, "आपण सायणाच्या घरांतून आलां आहां. त्याची बाजू येथें नीट मांडणारें कोणी नाहीं. जानेवारींत आपण बोला."

विषय असा होता. रोथचें म्हणणें, सायणाचार्य चौदाव्या शतकांतले. वेदांपासून ते कित्येक शतकें दूर. तेव्हां त्यांच्या भाष्यावर न विसंबतां, एक शब्द जेथें जेथें आला आहे तीं सर्व स्थळें ताडून अर्थ ठरवावा. 'ऋत' हाच शब्द घ्या: सायणाचार्य कोठें सत्य, कोठें यज्ञ, तर कोठें चक्क उदक असा अर्थ देतात, याला पद्धति कशी म्हणावी? पुढें रोथचाच शिष्य गेल्डनर यानें पिशेल याच्याबरोबर १८८९ ते १९०१ च्या दरम्यान तीन खंड लिहून, भारतीय परंपरेस इतकें झुगारून चालणार नाहीं, असें गुरूच्या विरुद्ध मत मांडलें. हें सर्व पुस्तकांत होतें. परंतु सायणाच्या बाजूनें काय बोलावें हें मला नीटसें ठाऊक नव्हतें, आणि ज्यांना ठाऊक होतें ते पुण्यास होते.

मीं आजोबांना फोन केला. तेथें सायंकाळचे साडेचार वाजले कीं अंधार पडे. त्या वेळीं पुण्यास रात्रीचे नऊ. आजोबा वर्षानुवर्षें नऊला दिवा मालवणारे. त्यांनीं विषय ऐकला, कांहीं बोलले नाहींत, आणि उठून कपाटांतून खंड काढला. त्यानंतर तीन आठवडे ते रोज रात्रीं साडेदहापर्यंत जागले. 'ऋता'चा आक्षेप ऐकल्यावर ते म्हणाले, "उदक हा अर्थ आचार्यांनीं मनानें केलेला नाहीं. निघंटूंत ऋत हा शब्द उदकाच्या नांवांत आहे आणि सत्याच्या नांवांतही आहे. यास्काच्याही आधींपासूनचें तें. चूक म्हणायची तर सायणाची म्हणूं नका, साऱ्या परंपरेची म्हणा, आणि मग धैर्यानें म्हणा." हें वाक्य मीं जसेंच्या तसें जर्मनमध्यें नेलें. मीं स्वतः कोणत्या बाजूची, असें एकानें विचारलें, तेव्हां "अर्धी रोथच्या, आणि निघंटूच्या ठिकाणीं आजोबांच्या" असें उत्तर दिलें. बांकांवर ठकठक झाली ती या वेळीं माझ्यासाठीं.

त्याच विषयावर मार्चअखेर निबंध लिहून दिला. निकाल आला १·३. घरीं कळविलें तेव्हां आजोबांनीं विचारलें, "कितीपैकीं?" तेथें १ हा आंकडा सर्वांत वरचा, ४ पर्यंत उत्तीर्ण, हें काकूंना समजावतां समजावतां अर्धा तास गेला, कारण तिनें शेजारीं पेढे पाठवायचें थांबविलें होतें.

उन्हाळी सत्राबद्दल लिहिण्यासारखें थोडें आहे, कारण तें सुखांत गेलें. दिवस रात्रीं नवापर्यंत उजेडाचे. जूनमध्यें नेकरवर लांब काठीनें ढकलावयाच्या होड्यांची शर्यत लागते; हरलेल्या होडींतील मंडळींस कॉडलिव्हर तेल प्यावें लागतें, आणि तें पाहावयास जिंकणाऱ्यांपेक्षां अधिक गर्दी होते.

इरावतीबाई कर्वे १९२८ सालीं बर्लिनला गेल्या तेव्हां घरचें पत्र आगबोटीनें यावयास आठवडे लागत. माझ्यापाशीं रोज घरच्यांचा चेहरा होता, तरी मला जड गेलें. हें माझें दुबळेपण असेल. किंवा कदाचित् रोज चेहरा दिसतो म्हणूनच खोटें हांसावें लागतें, आणि पत्रांत तें लागत नसेल. ज्या घरांतून मूल जात असेल तेथील वडील माणसांना मी एवढीच विनंति करतें, कीं फोनवर "कसा आहेस?" असें विचारूं नये. काय जेवलास, तें विचारावें.

परत आल्यावर बंद खात्यांत उरलेले युरो काकांच्या हातीं दिले. त्यांनीं पावती न पाहतां पाकीट कपाटांत ठेविलें. आजोबांना मीं माझ्या निबंधाचें मराठी भाषांतर वाचून दाखविलें. दोन बैठका लागल्या. संपल्यावर ते बराच वेळ चष्मा पुसत होते.

"तुझ्या रोथचं म्हणणं मला मान्य नाही," ते म्हणाले. "पण त्याच्या कोशाचा पहिला खंड ग्रंथालयांतून घेऊन ये. मला जर्मन येत नाही. तू वाच, मी ऐकतो."

सध्यां आम्ही 'अ' वर आहों.